कवटीची अंगठी आणि माझा शांत स्वभाव

१ जानेवारी २००६, सकाळी
पतसंस्थेने यंदाही डायरी दिली. दरवर्षी मी तिच्यात किराणा लिहिते. यंदा मनातलं लिहायचं ठरवलं आहे. हे कुणी वाचणार नाही. माझी मुलगी शिवांजली वाचते, पण कॉम्प्युटरवर.

संकल्प एकच. राग सोडायचा. वाचनालयातून एक पुस्तक आणलंय, त्यात लिहिलंय की राग आला की शंभर आकडे मोजावेत. लिहिणाऱ्याला घरात दुसरं काम नसावं. मला आकड्यांची गरज नाही. माझ्याकडे यांची अंगठी आहे. चांदीची, चांगली रुंद. वर कवटी, दोन बाजूंना दोन वटवाघळं, कडेने काटे. मधली पट्टी सुटी आहे, अंगठी बोटात असतानाच ती गोल फिरते. राग आला की पट्टी फिरवायची. बास. हे गेल्यापासून ती माझ्या मधल्या बोटात आहे. आंघोळीला नाही काढली, कणकेला नाही काढली.

सकाळी दूधवाल्याला बोलले, पण ते रागाने नाही. दुधात पाणी होतं म्हणून.

४ जानेवारी
आक्काताई म्हणजे समोरच्या दारातली. तिला माझ्या दारात उभं राहून स्वतःच्या घराकडे बघायला आवडतं. आज म्हणाली, "पोरगी लग्नाची झाली आणि आईच्या बोटात मढ्याचं टकुरं. बघाय येणारं पावणं दारातनंच परत जातील की."

मी शांतपणे उत्तर दिलं. म्हटलं, हे गेले तेव्हा तुम्हीच चारजणी बसलात आणि माझी जोडवी काढलीत, बांगड्या काढल्यात. लिंगायताच्या घरात असलं करू नये असं स्वामी सांगून दमले, तरी केलंत. तुमच्या यादीत कवटी नव्हती. आता मागनं नवीन कलम घालायचं नाही. विधवेने कवटीची अंगठी घालू नये असं कुठल्याही पोथीत नाही. मी तीन बघितल्या.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची दोघं गॅलरीत आली. हवा खायला आली असावीत.

७ जानेवारी
नोंद असावी म्हणून लिहिते. गोव्याचा एक दुकानदार हुपरीला यांच्या चांदीच्या भट्टीवर आला होता. समुद्रावर परदेशी पोरं येतात, त्यांना असलं लागतं म्हणाला, आणि यांना कागदावर चित्र काढून बारा सॅम्पलची ऑर्डर दिली. कागदावर 'गॉथिक' असं लिहिलं होतं. जन्मभर पैंजण केलेला माणूस महिनाभर मान मोडून कवट्या कोरत बसला. दुकानदार परत आलाच नाही. अकरा अंगठ्या यांनी वितळवून पैंजणांत घातल्या. जिल्ह्यात कुठंतरी नवऱ्या मुली पायात कवट्या घालून फिरताहेत, असं सांगून हसायचे. बारावी स्वतः घातली. विचार करताना पट्टी फिरवायचे. तिचा बारीक करकर आवाज येतो. मला स्वयंपाकघरात त्यावरून कळायचं की हे घरात आहेत.

गॉथिक शब्द मी वाचनालयातल्या कोशात बघितला. उंच कमानीची चर्चं बांधायची पद्धत, असं दिलंय. म्हणजे अंगठी धार्मिक आहे. जाऊन आक्काताईला सांगून आले.

१५ जानेवारी
शिवांजलीने मुलगा पसंत केला. शिवानंद नाव. निपाणीचा, तिच्याबरोबरच कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवतो, आपल्यातलाच. रागवायला काही कारण सापडलं नाही. शोधलं होतं. २९ तारखेला त्याची आई येणार.

मग शिवांजली म्हणाली, आई, अंगठीचं एक बोलायचं होतं. मी तिला पुढे बोलू दिलं नाही, तिला अवघड जाऊ नये म्हणून. ती जे म्हणणार होती ते मीच म्हणून टाकलं आणि त्याला उत्तरही दिलं. पाऊण तास लागला. बाईने काय घालायचं ते कोण ठरवतं, आज कवटी काढायला लावतील उद्या चष्मा, वगैरे सगळे पॉइंट घेतले. शेवटी ती नुसती बसून राहिली. पटलं तिला.

२२ जानेवारी
भाषण तयार. चार पानं. विहीणबाईंनी कवटीचा विषय काढला की सुरू करायचं. पहिलं पान सौम्य ठेवलंय.

२९ जानेवारी, संध्याकाळी
आल्या. मराठी बोलता बोलता मधेच कन्नडात शिरतात, परत बाहेर येतात. मी उजवा हात टेबलावर ठेवला, पोह्यांच्या बशीला लागून. त्यांनी बघितलं नाही. पाणी उजव्या हाताने दिलं, चहा उजव्या हाताने दिला, साखर पाहिजे का विचारून डबाही दिला. शेवटी त्यांनी माझा हात धरला. मी पहिलं वाक्य तोंडात घेऊन बसले.

त्यांनी पट्टी फिरवली. परत फिरवली. दहा मिनिटं माझा हात त्यांच्या मांडीवर. मग म्हणाल्या, "चांगलं हाय की ओ अक्का हे. माळ घेऊन जपाला बसलं की मला झोप येती. ह्येला आवाज हाय, झोप न्हाई येणार."

लग्न ठरलं. १४ मे.

चार पानं फुकट गेली. माणसाने इतकी तयारी करावी आणि समोरच्याने असं वागावं, याला काय म्हणायचं. पट्टी जोरात फिरवली तर काटा लागला. पहिलं पान आक्काताईला वाचून दाखवलं, तेव्हा बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी
शशिधरभावजी आले. यांचे धाकटे भाऊ. हुपरीची भट्टी आता तेच बघतात. तिथनं पैंजण आणून देतात, मी घरी बसून घुंगरू जोडते. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, वहिनी, त्या अंगठीचं...

मला उरलेली तीन पानं पाठ होती.

भावजी चहा न घेताच गेले. बसची वेळ झाली असावी. हुपरीची बस सारखी असते, पण त्यांना आधीची पाहिजे असेल.

या वर्षातली ही रागावण्याची पहिलीच वेळ, आणि तीही मुद्द्यावर.

१३ फेब्रुवारी
गॅसवाल्याला बोलले ते धरलेलं नाही.

२ मार्च
वाचनालयाच्या पुस्तकात खुणेच्या जागी एक चिठ्ठी. शिवांजलीचं अक्षर. जशीच्या तशी उतरून घेते.

'आई, अंगठी घालू नको असं कुणी म्हणत नाही. माझ्या पैंजणांत बाबांच्या हातची चांदी पाहिजे. घरात तेवढीच उरली आहे. काका भट्टी लावतील तेव्हा त्यात टाकतील. लग्नात मला दुसरं काही नको.'

ही रीत मला माहीत आहे. हुपरीत आमच्या घरात मुलीचे लग्नातले पैंजण बापाने करायचे. बाप नसला तर त्याच्या हाताखालून गेलेली थोडी चांदी तरी मुशीत पडली पाहिजे, मग बाकी कुणी का करेना. माझ्या लक्षात आलं नाही, इतकंच. घरात यांनी केलेलं बाकी होतं ते हे गेल्यावरच्या अडचणीत एकेक करून गेलं.

पण तोंडाने सांगायचं सोडून चिठ्ठ्या कसल्या पाठवायच्या. संध्याकाळी तसं विचारलं. ती म्हणाली, "जानेवारीपासनं सांगतीया मी. तू वाचतीस, आई. ऐकत न्हाईस."

हे काही खरं नाही. मी तिला ते समजावून सांगितलं. अर्धा तास.

५ मार्च
अंगठी देता येत नाही, कारण ती निघत नाही. बोट सुजलंय. शिवांजलीला सांगितलं. भावजींना फोन करून सांगितलं. आक्काताईला न विचारता सांगितलं.

शिवाय असा विचार केला की अंगठी म्हणजे कारागिराचा नमुना आहे, आणि नमुना वितळवायचा नसतो, जपायचा असतो. माझ्या माघारी ती म्युझियमला द्यावी. तसं पत्र लिहायला घेतलं. 'महोदय, आमच्याकडे एक धार्मिक अंगठी आहे' इथपर्यंत झालंय.

९ मार्च, दुपारी
खरंच निघत नाही का बघावं म्हणून दार लावून बसले. वाटीत शेंगतेल घेतलं, दोरा घेतला. तेल लावायच्या आधीच अंगठी निघाली. नुसती धरली आणि हातात आली. तीन वर्षांत बोटं बारीक झाली, कुणी सांगितलं नाही. बोटावर पांढरा पट्टा पडलाय, आजारी माणसाच्या कातडीसारखा.

लगेच परत घातली. बोट सुजलेलं आहे असंच सांगायचं.

तेल भाजीला वापरलं.

२० मार्च
यावर उपाय सापडला. एकदम कॉन्फिडन्स आला. यांच्या हातची चांदी पाहिजे ना, मग ती अंगठीच कशाला. मलकापूरला माझी मावसबहीण बाळाबाई असते. तिच्या लग्नात यांनी स्वतः बसून कुंकवाचा करंडा केला होता. तो मागून आणायचा, बदल्यात तिला दुसरा द्यायचा. सगळे खूश. उद्या सकाळच्या गाडीने जाते. हे आधीच सुचलं असतं, पण मला कुणी शांतपणे विचार करू देत नाही.

२१ मार्च
बाळाबाईने करंडा दोन वर्षांपूर्वी मोडीत घातला. वर तोंड करून सांगते, "जुना झालता की गं निर्मला. आता नव्या फॅशनचा घेतलाय, बघ तर." दाखवला. मोर आहेत त्याच्यावर. मोर कसले, कोंबड्या.

मी तिला फार बोलले. कुणीतरी डोळे फोडून केलेली वस्तू वितळवायला मन तरी कसं होतं, असं विचारलं. तिचा नवरा जेवणावरून उठून बाहेर गेला. ती म्हणाली, चांदी काय जाती व्हय कुठं, दुसऱ्यात जाती. मग मी तिच्या मोरांबद्दलही बोलले आणि न जेवता निघाले.

एसटीत बसल्यावर लक्षात आलं की मी तिला जे विचारलं ते अंगठीबद्दल माझ्या बाजूचंच म्हणणं आहे. म्हणजे मी बरोबरच आहे. तरी ती चांदी दुसऱ्यात जाण्याचं वाक्य बांबवड्यापर्यंत डोक्यातून जाईना. कंडक्टरने सुट्टे मागितले, त्याला बोलले.

२ एप्रिल
शिवांजलीने अंगठीचा विषय काढला नाही. आठवडाभर काढलेला नाही. शेवटी समज आली.

११ एप्रिल
तीन वर्षं झाली. सकाळी पूजा झाली, स्वामी येऊन गेले. शिवांजलीने रजा घेतली.

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण लोक काहीही समजतात. त्या संध्याकाळी हे म्हणाले, जरा पडतो. मी म्हटलं, आधी दळण आणा. हे गेले, दळण घेऊन आले, डबा जागेवर ठेवला आणि पडले. ते पडलेच. दळणाचा आणि त्याचा काही संबंध नाही. डॉक्टर म्हणाले, छातीचं दुखणं आतून जुनंच होतं. मी तीनदा जाऊन विचारलं. तिसऱ्यांदा ते जरा वैतागले.

जुनं होतं तर सांगायचं. घरात बायको होती. अंगठीची पट्टी फिरवत बसायचे, मला वाटायचं ऑर्डरचा विचार चाललाय. दळण मी आणलं असतं. गिरणी काही लांब नाही. माझा यांच्यावर राग आहे तो तेवढ्यापुरता. बाकी नाही.

दुपारभर पट्टी फिरवत बसले. शिवांजली येऊन जवळ बसली, बघत राहिली आणि उठून गेली. मी मधे बोलले नव्हते, याची नोंद असावी.

१६ एप्रिल
ठरलं. अंगठी द्यायची. आईने पोरीसाठी काय एवढंही करू नये. लग्नाला अजून महिना आहे, घाई नाही. मेच्या पहिल्या तारखेला स्वतः हुपरीला नेऊन देणार. देताना काय बोलायचं त्याचं एक पान लिहिलं. यात राग अजिबात नाही, आक्काताईला दाखवून खात्री करून घेतली.

१ मे
आज सुट्टी. सुट्टीच्या दिवशी चांगली कामं करू नयेत, गर्दी असते.

४ मे
पत्रिका वाटायच्या राहिल्यात. उद्या.

७ मे
अंगठी काढून रुमालात बांधली आणि कपाटात ठेवली. दिवसभर शिवांजलीवर, कपड्याच्या दुकानदारावर, शिंप्यावर आणि एका भिकाऱ्यावर ओरडले. संध्याकाळी परत घातली ती लोकांच्या भल्यासाठी. परवा नक्की.

१० मे, संध्याकाळी
हुपरीला जाऊन आले. बसमध्ये भाषणाची प्रॅक्टिस केली. शेजारची बाई उठून पुढे जाऊन बसली.

घरात लग्नसराईची धांदल. भावजी पॉलिशचा माल मोजत होते. मी रुमाल सोडला, अंगठी त्यांच्यापुढे ठेवली आणि पान काढलं. म्हटलं, भावजी, हे तुमच्या भावाच्या हातचं. त्यांनी अंगठी उचलली, पट्टी एकदा फिरवली आणि परत रुमालावर ठेवली. मग हळूच म्हणाले, "वहिनी, उशीर झाला वो. तार एका घरात ओढायची, कड्या दुसऱ्या घरात, सांधायला झाळ तिसरीकडं, मग घुंगरू. चार घरं फिरून यायला आठ-दहा दिस लागत्यात. तुमाला का सांगायचं हे."

मला खरंच सांगायची गरज नव्हती. मी तेवीस वर्षं त्या चार घरांपैकी एक आहे. शेवटचं. माझ्याकडे घुंगरू लागतात.

म्हटलं, रात्रंदिवस बसवा माणसं. मी बसते. मोठ्याने म्हटलं. पॉलिशवाल्या बायका बघायला लागल्या. भावजी म्हणाले, शिवांजलीनं गेल्या महिन्यातच फोन करून सांगितलं, काका, राहू दे. तिनं तयार घेतलं.

तयार म्हणजे मशीनचं. दुकानातलं. हुपरीच्या घरातली मुलगी.

मी दुकानदाराला, मशीनला आणि भावजींना बोलले. मग तिथंच पायरीवर बसले. जाऊबाईंनी चहा आणून दिला. घेतला.

११ मे, सकाळी
शिवांजलीने पैंजण दाखवले. बारीक, हलके, दोन्ही अगदी एकसारखे. हाताने केलेले दोन कधी एकसारखे होत नाहीत. मी अंगठी तिच्या हातात दिली. म्हटलं, हे घे. लग्नानंतर कर. पुढच्या महिन्यात कर. मी स्वतः चारही घरं फिरते. बाळाबाईचं ते वाक्यही सांगितलं, माझं म्हणून.

तिने अंगठी दोन्ही बाजूंनी बघितली. मला वाटलं आता रडेल. तिने माझा हात घेतला आणि माझ्या बोटात घातली. ढिली झालीय हे तिला कळलं. नुसतं म्हणाली, "असू दे, आई. तुलाच लागती ती."

म्हटलं, मला काही लागत नाही. ती बरं म्हणाली आणि ब्लाऊज आणायला गेली.

१४ मे
लग्न झालं. वाढपी उद्धट होते, बोलले. विहीणबाईंनी अक्षता टाकायच्या आधी माझा हात धरून दोनदा पट्टी फिरवली.

२१ मे, दुपारी
शिवांजलीचा निपाणीहून फोन. जेवलीस का, औषध घेतलंस का. मग सहज सांगितलं की एका पैंजणाची कडी तुटली. मी म्हटलं, घेऊन ये, भावजींकडून झाळ लावून घेते, घुंगरूही चार जास्त लावते, आपल्या घरातली गोष्ट आहे. ती म्हणाली, अगं कशाला, दुकानात दाखवला, त्यांनी लगेच दुसरा जोड बदलून दिला. तसलाच आहे.

मी दुकानाचं नाव विचारलं. तिने सांगितलं नाही.

फोन ठेवला. अंगठीला आतून दोरा गुंडाळलाय, आता बोटात घट्ट बसते, पट्टी चांगली फिरते. ती आता कुणी मागणार नाही. जानेवारीपासून मला हेच पाहिजे होतं.